शब्दचर्चा : कर्ता की करविता?

प्रश्न : एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुराच्या कराराचा मराठी मसुदा करतेय. 'ऑथर'ला काय लिहू? 'लेखक' म्हटलं की अशील विचारतात, लिहिलं यंत्राने, मग लेखक कोण? 'निर्माता' म्हणावं तर सिनेमाचा पैसेवाला डोळ्यांपुढे येतो.

– ताई, आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'ऑथर' तो पैसेवालाच आहे! फोटोचा ऑथर फोटो काढणारा, संगीताचा संगीतकार. त्यामुळे 'लेखक' बाद. 'कर्ता'ही टाळा; प्राप्तिकराच्या कागदांत तो शब्द एकत्र हिंदू कुटुंबाच्या प्रमुखाने कधीच अडवलाय. १९९४च्या दुरुस्तीत संगणकनिर्मित कृतीचा ऑथर कोण, तर ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं आलं. करणारी नव्हे, करवणारी. देवाला आपण 'कर्ता करविता' म्हणतो, त्यातला नुसता करविता कायद्याने उचलला.

– शब्द झकास, पण भांडण तिथेच सुरू होतं. 'आई मुलाकडून पत्र लिहवते' यात करवणारी कोण, याचा घोळ नाही. इथे सूचना टाइप करणारा, मॉडेल बनवणारी कंपनी आणि ज्यांच्या मजकुरावर ते पोसलं ते लोक, यांतला करविता कोणता? १९९४ साली संगणक म्हणजे हत्यार होतं, बाकी काही नाही. अमेरिकेत स्टीफन थेलर या संगणकतज्ज्ञाने चित्राचा ऑथर म्हणून यंत्राचंच नाव दिलं होतं. २०२३मध्ये कोर्टाने नाही म्हटलं, २०२५मध्ये अपिलातही तेच.

– करारात 'कॉपीराइट'ला 'स्वामित्वहक्क' लिहू नका, असं मला वाटतं. त्याच्या जवळचा 'स्वामित्वधन', म्हणजे रॉयल्टी, म्हटलं की आमच्या तालुक्यात वाळू आणि मुरूम आठवतो. 'प्रताधिकार' नेमका, कारण वाद प्रतीचाच आहे. त्याच कायद्याच्या कलम १४मध्ये प्रत काढण्याच्या हक्कात इलेक्ट्रॉनिक साठवणही येते. २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दावा लावला, तो बातम्या साठवून मॉडेल शिकवण्यावरूनच. ओपनएआयचं एक म्हणणं असं, की आमचे सर्व्हर भारतात नाहीतच. म्हणजे प्रत कोणती, एवढंच नाही. ती कुठे काढली, हाही प्रश्न.

– सगळ्यांचे आभार. 'कृती निर्माण करवणारी व्यक्ती, म्हणजे या करारापुरता सूचना देणारा पक्ष' असं लिहून पाठवलं. अशिलाचा लगेच फोन : "मॅडम, मी पुरुष आहे, मग 'करवणारी' का?"