विषय: जानेवारीत सोलापूरला येतोय, सायकल घेऊन. कुठला रस्ता धरू?

उट्रेख्तहून

नमस्कार मंडळी,

गड्ड्याच्या यात्रेला यंदा नक्की येणार. आठ वर्षांनी नंदीध्वज बघायला मिळतील. या खेपेला रोड सायकलही बरोबर आणतोय. इकडं नेदरलँड्समध्ये शनिवार-रविवार कालव्याच्या कडेनं साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. इथं चौकाचौकांत आकड्यांच्या पाट्या असतात. आकडे कागदावर लिहून घेतले की रस्ता विचारावा लागत नाही. पण परवा अशीच एक फेरी मारताना मनात आलं की इथल्या खेड्यांची नावं मला तोंडपाठ आहेत आणि स्वतःच्या तालुक्यातली मात्र एसटीच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच. शाळेत असताना सायकल होती, पण ती बाळीवेस ते सात रस्ता एवढीच फिरली.

तुळजापूर करावं असं डोक्यात आहे. पंचेचाळीस किलोमीटर, रस्ता माहितीचा, वर आईचं दर्शनही. सोलापुरात राहून सायकल चालवणाऱ्यांनी सांगावं, बरोबर आहे का? रान बघत जायचंय, घाई अजिबात नाही.

जुळे सोलापूरहून

अरे वा, ये.

तुळजापूरला दर्शनाला जरूर जा, पण पहिली फेरी तिकडं नको. तो रस्ता आता चौपदरी महामार्ग आहे. ट्रक आणि बस कानाजवळून जातात, आणि उड्डाणपुलावरून शेत दिसत नाही, कठडा दिसतो. चढाची हौस असेल तर ती गोष्ट वेगळी. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. शेवटच्या घाटात बालाघाटाची ती पायरी पायांना बरोबर कळते. हिप्परग्याचा तलाव मात्र वाटेवरच आहे. तेवढ्यापुरतं पहाटे जाऊन ये, थंडीत पाखरं असतात.

रान बघायचं असेल तर दक्षिणेला जा. हत्तरसंग कुडल. एका बाजूनं चाळीस किलोमीटरच्या आसपास. गेली सहा वर्षं दर हिवाळ्यात मी दोनदा तरी जातो आणि अजून पोट भरलेलं नाही.

विजापूर नाक्यावरून निघायचं. सोरेगाव मागं पडलं की शहर संपतं. वडकबाळला सीनेचा पूल लागतो, तिथं पहिल्यांदा थांब. पुढं तेरामैल, मंद्रूप. इथपर्यंत हमरस्ताच आहे, साइडपट्टी सोडू नकोस. तू लहानपणी जे नळाचं पाणी प्यायलास ते याच रस्त्यानं आलेलं आहे बरं का. टाकळीला भीमेतून उचलायचं आणि सोरेगावला आणून शुद्ध करायचं, अशी ती योजना. हंडा भरून ठेवायचा वार आपण सगळ्यांनी पाठ केलेला, पण त्या पाण्याची नदी किती जणांनी पाहिली?

मंद्रूपच्या पुढं हमरस्ता सोडून आत शिरलं की खरं सुरू होतं. दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात ज्वारी. जानेवारीत ती पुरुषभर उंच असते, कणसं भरत आलेली. ही ज्वारी पावसाळ्याच्या शेवटी पेरतात. पुढं पाऊस नाही पडला तरी काळ्या मातीत जी ओल धरून राहिलेली असते त्यावरच ती येते. म्हणून आपल्याकडचं हिरवं रान बघायचं तर श्रावणात नाही, पौषात. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. तो मे महिन्यात येतो, बेचाळीस डिग्रीत भेगाळलेली जमीन बघतो आणि सोलापूर म्हणजे उजाड असं ठरवून जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

कुडलला सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं अशी दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गेलं होतं, ते उकरून काढलं. तिथंच ते बहुमुखी शिवलिंग सापडलं. एका पिंडीवर 359 मुखं, ओळीनं कोरलेली. मी दर वेळी मोजायला बसतो आणि मध्येच चुकतो. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. काळाचा उल्लेख असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. शेवटी म्हटलंय की जो हे वाचेल तो विजयी होईल. हा लेख उजेडात आणला आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. खेडोपाडी हिंडून त्यांनी असे कितीतरी लेख शोधले. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी ज्या दगडावर लिहिली तिथवर आपण स्वतःच्या पायांनी पोचतो, हे मला मोटारीनं जाऊन कधी जाणवलं नव्हतं.

आता कामाचं. इकडं काचेपेक्षा काट्यांची भीती जास्त. वेडी बाभूळ आणि सराटे. सायकल रस्त्याच्या कडेला मातीत उतरवू नकोस, थांबायचं झालं तर उचलून ने. टायर 28 मिलिमीटरचे तरी असू देत, आणि ट्यूब तिकडूनच आण, तीन तरी. खेड्यातल्या पंक्चरवाल्याचा हात चांगला असतो, पण तुमच्या रोड सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पंप बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, तो खिशात ठेव. अवकाळी पाऊस झाला तर शेतातली वाट विसर. काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ऊस. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात निघू नकोस. सात वाजता उजाडतं, त्यानंतरच चाक हलव.

आइंडहोव्हेनहून

काकांच्या पत्रानं डोळ्यांत पाणी आलं. माझं माहेर अक्कलकोट रस्त्यावर, वळसंगजवळ. तुळजापूरबद्दल दादाला एवढंच सांगते की ती वाट चालायची आहे. कोजागरीला आम्ही चुलत बहिणी रात्रभर चालत गेलो होतो, त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद असतो. ते सुख सायकलवर नाही मिळायचं.

एक रस्ता राहिला, बार्शी रोडवरचं नान्नज. शहरापासून वीसेक किलोमीटर. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते हेच. माळढोक आता दिसेल या आशेवर जाऊ नये, फारच थोडे उरलेत. पण काळवीट दिसतात, कळपानं. सकाळच्या उन्हात पिवळ्या गवतावर ते उड्या मारत निघाले की हँडल धरलेले हात आपोआप सैल होतात. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. मी डांबरी रस्त्यावरूनच पाहिले. मेंढ्यांचा कळप लागला तर मात्र खाली उतर. धनगराची कुत्री पळत्या चाकावर धावतात. सायकल मध्ये घेऊन हळू चाललं की ती गप्प होतात.

आणि हुरडा खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस. आगटीतलं गरम कणीस, हातावर चोळलेलं, वर शेंगाचटणी. इथं मी दर वर्षी ओव्हनमध्ये काहीबाही करून बघते. नाही होत.

उट्रेख्तहून

काका, ताई, तुळजापूरला बसनं जातो. सायकल कुडलला.

एकच विचारायचं होतं. इथं सपाट मुलूख, त्यामुळं चढ नसतो, पण वारा माणसाला रडवतो. जाताना वाऱ्याच्या पाठीवर मजेत जावं आणि येताना दुप्पट वेळ लागावा, असं दर रविवारी होतं. तिकडं जानेवारीत वारा कुठून असतो? आणि मुक्काम दहा दिवसांचा आहे, एक फेरी पश्चिमेला मंगळवेढ्याच्या बाजूला होईल का?

जुळे सोलापूरहून

बरोबर विचारलंस. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, ऊन तापायला लागलं की पूर्वेकडून, ईशान्येकडून सुटतो. म्हणून अक्कलकोट, नळदुर्ग या पूर्वेच्या फेऱ्या सोप्या. जाताना पडलेला वारा, येताना पाठीशी. कुडलहून येताना तो थोडा समोरून लागेल, तेव्हा अकराच्या आत संगम सोड.

मंगळवेढ्याचं मात्र उलटं होतं. परतीला ऊनही आणि वाराही, दोन्ही तोंडावर. रस्ताही आता रुंद झालाय, वाहनं जोरात असतात. तरी माचणूरपर्यंत ये असं मी म्हणेन. चाळीसेक किलोमीटर. बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडला की लगेच. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली नदीत उतरणारा दगडी घाट, आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या वेळचा किल्ला. घाटावर सावलीत तासभर बस. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते रान तिथून पुढं सुरू होतं. परतीला माझा भाचा टेम्पो घेऊन येईल, सायकली त्यात टाकू.

यात्रेचे दिवस सोडून तारीख कळव. विजापूर नाक्यावर सव्वासातला थांबतो. ताई, तुमच्या भावाचा हुरडा कुठल्या आठवड्यात तयार होतोय तेवढं विचारून ठेवा, वळसंगची फेरी त्या दिवशी धरू.