टक्कर हुकली, टळली की टाळली?

प्रवासी विमान आणि एखादं छोटं विमान हवेत एकमेकांच्या अगदी जवळून गेलं की बातमीत हमखास 'टक्कर थोडक्यात हुकली' असं येतं. मला ते 'हुकली' वाचताना दरवेळी खटकतं. बस हुकते, संधी हुकते, नेम हुकतो, म्हणजे जे हवं होतं ते हातचं गेलं. टक्कर कोणाला हवी होती?? मग इंग्रजीतल्या 'निअर मिस'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

– – –

'मिस'चं सरळ भाषांतर केलंय, दुसरं काय. पण गंमत अशी की मूळ शब्दात 'हुकली'च आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब जहाजावर न पडता शेजारी पाण्यात पडला तर त्याला निअर मिस म्हणायचे, म्हणजे नेम हुकला पण जवळून. तिथे 'निअर' म्हणजे 'जवळजवळ' नाही, 'जवळून'. लोक 'जवळजवळ' धरतात आणि मग वाद घालतात की जवळजवळ चुकली म्हणजे झालीच की टक्कर! बॉम्ब टाकणाऱ्याचा शब्द आहे तो, विमानात बसलेल्याचा नाही.

– – –

मग 'चुकामूक' कशी वाटते? दोघं भेटायला निघाले आणि भेटलेच नाहीत :)

– – –

हाहा, चुकामूक झाली की माणूस हळहळतो, इथे पेढे वाटायचे.

सरकारी कागदात 'मिस' शब्द टाळायचे बरेच प्रयत्न झालेत. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेचा शब्द आहे एअरप्रॉक्स, त्यात टक्कर हुकली वगैरे काही नाही, नुसतं जवळ आले एवढंच. मग त्याची प्रतवारी, ए म्हणजे टक्करीचा धोका होता, बी म्हणजे सुरक्षिततेची खात्री नव्हती, सी म्हणजे धोका नव्हता आणि डी म्हणजे ठरवता आलं नाही. अमेरिकेत ५०० फुटांच्या आत आले किंवा पायलटने कळवलं की टक्कर होण्यासारखी परिस्थिती होती, तर तशी नोंद होते. ५०० फूट ऐकायला बरंच वाटतं पण १०,००० फुटांखाली तिथली वेगमर्यादा २५० नॉट (ताशी साधारण ४६० किमी) आहे, त्या वेगात ५०० फूट साधारण सव्वा सेकंदात संपतात.

मराठीत 'धोकादायक जवळीक' म्हणावं का?

– – –

जवळीक नको हो, लगेच लग्नपत्रिका दिसायला लागते. 'सान्निध्य'पण नको, ते संतांचं नाहीतर निसर्गाचं असतं.

माझं मत 'टळली'ला. नको असलेली गोष्ट झाली नाही की ती टळते, संकट टळतं, बला टळते. पण इथे एक बारकावा आहे आणि तो बातमीत कायम गुळगुळीत होतो. 'टळली' म्हणजे आपोआप, नशिबाने. 'टाळली' म्हणजे कोणीतरी काहीतरी केलं. मोठ्या विमानात टीकॅस असतं, म्हणजे टक्कर टाळायला सावध करणारी यंत्रणा, ते आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ओरडतं आणि तरी जवळीक (सॉरी!) वाढली तर 'क्लाइंब, क्लाइंब' किंवा 'डिसेंड, डिसेंड' सांगतं, पायलट वर किंवा खाली घेतो, मग 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट'. ही झाली टाळली. छोट्या विमानात बऱ्याचदा नुसता ट्रान्सपॉन्डर असतो, तो आपली उंची बाकीच्यांच्या यंत्रांना कळवतो पण आपल्या वैमानिकाला काही सुचवत नाही, म्हणजे हलायचं मोठ्यानेच. आणि ट्रान्सपॉन्डरच बंद असेल तर टीकॅसला समोर काहीच दिसत नाही, मग वाचले तर ती नक्की टळलीच.

– – –

टळली-टाळलीचा फरक एका मात्रेचा वाटतो पण या धंद्यात क्रियापदाचं रूप जिवावर बेतू शकतं. १९७८ चा सप्टेंबर, सॅन डिएगो. बोइंग ७२७ उतरायला येत होतं, खाली सेसना १७२ हे छोटं विमान शिकाऊ उड्डाणावर. सेसनाबद्दल ७२७ला सांगितलेलं होतं, त्यांनी दिसतंय म्हणून कळवलंही, मग ते नजरेआड झालं. वैमानिक टॉवरला बोलला त्याचा मराठीत अर्थ 'आपल्या उजवीकडून गेलं वाटतं', आणि कंट्रोलरने ऐकलं 'जातंय'. 'गेलं वाटतं' म्हणजे आता दिसत नाहीये, अंदाज आहे. 'जातंय' म्हणजे डोळ्यासमोर आहे, काळजी नको. प्रत्यक्षात सेसना त्यांच्या पुढे आणि खाली होतं आणि ते त्यालाच मागून गाठत होते. धडकेच्या १९ सेकंद आधी रडार केंद्रात अलार्मपण वाजला होता, पण खोटे अलार्म इतके वाजायचे की कोणी मनावर घेतलं नाही. १४४ माणसं गेली.

एका शब्दामुळे झालं असं नाही म्हणत मी, कारणं बरीच होती. पण 'गेलं' की 'जातंय' हे नीट ऐकू आलं असतं तर एकदा तरी विचारलं असतं ना, की दिसतंय का.

– – –

बाप रे. हे माहीत नव्हतं.

अवांतर, ही टक्कर की धडक? टक्कर दोघांची, समोरासमोरची वाटते. मागून येऊन आदळलं तर धडकच, आणि ती कोणी कोणाला दिली हेही सांगावं लागतं.

– – –

बरोबर, म्हणूनच वर 'धडकेच्या आधी' लिहिलंय. आणि 'बालंबाल' चालेल, हिंदीतून आलेलं असलं तरी रुळलंय. फक्त ते माणसांना लावा, 'प्रवासी बालंबाल बचावले'. 'टक्कर बालंबाल टळली' लिहिलं तर केस कोणाचे?

– – –

ठीक, मग मी असं करतो. चौकशीचा निकाल येईपर्यंत 'थोडक्यात टळली', आणि पायलटने किंवा टीकॅसने वाचवलं असं निघालं तर 'टाळली'. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' याला मात्र कायमची सुट्टी.