सांध्यातलं 'वंगण' की 'पाणी'?

पानटीप: रुग्णांसाठीच्या पत्रकाचा अनुवाद करतेय. निरोगी सांध्यातल्या द्रवाला 'वंगण' म्हटलं. पुढे संधिवातात तोच द्रव वाढतो, तिथे 'वंगण वाढल्याने सूज येते' असं झालं आणि अडले. वंगण वाढलं तर बरंच की! 'पाणी' लिहिलं तर वाचणाऱ्याला वेगळीच वस्तू वाटेल. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवाय.

हलन्त: संधिद्रव. विषय संपला.

जुनी पोथी: संपला कसा? आयुर्वेदात 'श्लेषक कफ' आहे, पाच कफांपैकी सांध्यांत राहणारा. श्लिष् म्हणजे मिठी मारणं, चिकटणं. श्लेष अलंकारातला तोच धातू.

हलन्त: 'कफ' वाचून रुग्णाचा हात छातीकडे जाईल.

सुईदोरा: सांध्यातलं पाणी काढणं हे माझं रोजचं काम. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम 3-4 मिलिलिटर असतो. थेंब सोडला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. (पॅरासेल्सस या वैद्याने 16व्या शतकात या द्रवाला दिलेल्या 'सायनोव्हिया' या नावाचा संबंधही अंड्याशीच लावतात.) सुजलेल्या सांध्यातला मात्र टपटप पडतो, कारण त्याला दाटपणा देणारं हायलुरोनिक आम्ल विरळ झालेलं असतं, तुटलेलं असतं. तेव्हा 'गुडघ्यात पाणी झालं' हे अडाणी बोलणं नाही, अचूक निरीक्षण आहे. उलट 'वंगण' अपुरं पडतं. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, रक्तवाहिन्या नसतात. ती याच द्रवावर पोसते. भार पडला की दबते, सुटला की शोषून घेते.

पानटीप: म्हणजे चालण्याने तिचं पोषण होतं?

सुईदोरा: हो, हालचाल लागतेच.

उंबरठा: हे वाचून गलबलून आलं. आईला कुणीतरी 'वंगण संपलं' म्हणून सांगितलं. उरलंसुरलं चालून संपेल या भीतीने तिने फिरणं सोडलं ते कायमचं. झिजली होती कूर्चा. गुडघा तर पाण्याने फुगलेला असायचा. डॉक्टर, हा शब्द पत्रकांतून काढाच.

हलन्त: म्हणून म्हणतो, उपमा नकोत. संधिद्रव.

जुनी पोथी: उपमा काढल्या तर भाषेत उरेल काय? आणि वंगण बिचारं जुनं आहे. आजोबा 'ओंगण' म्हणायचे, गाडीच्या आसाला घालायचं ते. 'ओंगळ' त्यावरूनच आला असणार, हात काळे होतात ना.

हलन्त: नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

उंबरठा: आमच्याकडेही ओंगणच म्हणत. पण ओंगळशी नातं पटत नाही. ओंगणाचा वास मला आवडायचा.

पानटीप: पत्रक उद्या द्यायचंय. तूर्त 'सांध्यातला द्रव' लिहिते.

जुनी पोथी: ओंगळचं मात्र उद्या कोशात पाहून सांगतो.