पंखा फिरतो, पुढे काही नाही: कॉम्प्युटर अडल्याचे अनुभव

आठवडाभर माझा घरचा कॉम्प्युटर रुसून बसला होता. काल रात्री सुरू झाला आणि दोष निघाला नाण्याएवढ्या एका सेलचा. तुमच्याकडेही असे किस्से असणारच, तर लिहा. एकच विनंती: 'सुरूच होत नव्हता' एवढ्यावर थांबू नका. बटण दाबून काहीच हललं नाही, पंखा फिरला पण पडदा काळा, कंपनीच्या लोगोवर गोठला, की विंडोजची टिंबं गोल गोल फिरत बसली? ही चार वेगळी दुखणी आहेत. गडी कुठवर पोचला होता ते आधी सांगा.

माझा टिंबांपर्यंत पोचायचा. मग निळा पडदा, त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि पुन्हा पहिल्यापासून. दोनतीनदा असं झालं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं, तसं गेलं, पण त्या दुरुस्तीने काही साधलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणे डिस्क गेली. नवी मागवायच्या बेतात होते. सहज बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालून कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) डोकावले तर डिस्क नावानिशी हजर! गेलेली डिस्क स्वतःचं नाव कशी सांगेल? मग कोपऱ्यातली तारीख दिसली, काही वर्षं मागची. तिथे डोक्यात प्रकाश पडला. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, 3 व्होल्टचा सेल (सीआर 2032) संपला होता. प्लग काढल्यावर घड्याळ आणि सेटिंग्ज तोच सांभाळतो. मी आवराआवरीत दिवसभर प्लग काढून ठेवला, त्यात बायॉसची सगळी सेटिंग्ज पुसून कारखान्यातल्यासारखी झाली आणि डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर (RAID) गेला; डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं तो अचानक बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क उघडता येत नाही. सेल बदलला, मोड परत फिरवला. बस्स.

* * *

माझा अनुभव लाजिरवाणा आहे, म्हणून छोटा. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पडदा काळा. दोन तास रॅमची (मेमरीची) पट्टी काढ, पट्टी घाल. मॉनिटरची केबल नव्या कार्डाऐवजी मदरबोर्डलाच लावलेली होती.

* * *

आमच्या जुन्या डब्याला आत छोटा स्पीकर होता, त्यामुळे तो बोलायचा तरी. तीन बीप म्हणजे रॅम. एक लांब दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड (हे प्रत्येक बायॉसचं वेगळं असतं, मदरबोर्डचं पुस्तक बघा). पावसाळा आला की तीन बीप ठरलेले. मग झाकण उघडा, रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. हे मी इतक्यांदा केलंय की मुलीला लहानपणी वाटायचं, खोडरबर कॉम्प्युटरसाठीच असतं.

हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकर नसतो. त्याऐवजी कडेला चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्कवरून सुरू होणं). जो पेटून राहतो तिथे गाडी अडली.

* * *

खोडरबरवर माझा आक्षेप आहे. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दरवेळी घासलात तर तोच निघेल, वर रबराचा भुगा खाचेत पडेल तो वेगळाच. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा गुण खोडरबराचा नसतो, काढून परत बसवण्याचा असतो. आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. दोन्हींवर एकदम प्रयोग केलेत तर कोणती खराब ते कळणार कसं?

* * *

आमची मातोश्री दुसऱ्या गावी, कॉम्प्युटर तिच्याकडे, आणि मी फोनवर.

"काय दिसतंय?"
"इंग्रजी पाटी. निळी."
"त्यावर काय लिहिलंय?"
"खूप काही लिहिलंय. तू ये."

तिने फोटो पाठवला तर ती बायॉसची सेटिंग होती. बंद करून परत चालू करायला सांगितलं, परत तेच. विंडोजकडे जायचंच नाव नाही. मी डिस्क, केबल, बूटचा क्रम, सगळं तिच्याकडून वाचून घेतलं. ती बिचारी न कंटाळता एकेक अक्षर सांगत होती. सगळं जागच्या जागी. शेवटी म्हटलं, कीबोर्डच काढून टाक. काढला, आणि विंडोज सुरू! व्हिडिओ कॉलवर टेबल बघितलं तेव्हा उलगडा झाला. तिचा जाडजूड शब्दकोश कीबोर्डवर टेकलेला, कोपरा बरोब्बर डिलीटच्या बटणावर. सुरू होताना डिलीट दाबलेलं असेल तर तो आज्ञाधारकपणे सेटिंगमध्ये जाणारच. आईचं म्हणणं, "मग तसं आधी नाही का सांगायचं?"

तेव्हापासून माझी पहिली पायरी ठरलेली: माउस, कीबोर्ड, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, सगळं उपटायचं आणि मग बटण दाबायचं. एका बिघडलेल्या यूएसबी हबमुळे लोगोवर गोठलेला कॉम्प्युटरही याच पायरीवर सुटला.

* * *

हौसेने सगळे नवे भाग आणून जोडले, डीडीआर 5 रॅमसकट. बटण दाबलं, पंखे फिरले, डीरॅमचा दिवा पेटला, पडदा काळा. मिनिटभर थांबून बंद केलं. रॅम बदलून पुन्हा तेच. असं सातआठ वेळा. वैतागून चहा करायला गेलो, बंद करायचं राहून गेलं. परत येतो तो पडद्यावर बायॉस! नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा बोर्ड तिची ओळख करून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि डीडीआर 5 ला त्यात काही मिनिटं सहज जातात. मी दरवेळी मधेच गळा दाबत होतो.

* * *

माझ्या अनुभवाचा शेवट गोड नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज सुरू व्हायला पाच मिनिटं, मग दहा, आणि डब्यातून टक्... टक्... असा आवाज. मला वाटलं सॉफ्टवेअरचंच काहीतरी असेल. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावलं आणि झोपलो. रात्रभर ते मरणाऱ्या डिस्ककडून प्रत्येक कोपरा वाचून घेत राहिलं. सकाळी बायॉसमध्ये डिस्क दिसेना. मुलाच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो त्यात होते. थोडे नातेवाइकांच्या फोनमध्ये सापडले, तेवढेच.

नंतर एका जाणकाराने सांगितलं की आवाज आला तेव्हाच लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून आधी फोटो बाहेर काढायला हवे होते. डिस्कला हातही न लावता लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालतं, हे मला माहीतच नव्हतं. आता तसा पेन ड्राइव्ह खणात आहे, दुसऱ्या डिस्कवर बॅकअपही आहे.

* * *

सकाळी पहिल्या दाबाला ढिम्म, तिसऱ्या-चौथ्याला चालू, मग दिवसभर ठणठणीत. असं असेल तर एसेमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) संशय घ्या. माझ्याकडे मित्राचा तात्पुरता लावला आणि निदान झालं. मदरबोर्डवरचे कपॅसिटरही (वीज साठवणारे छोटे उभे डबे) बघा, डोकं सपाट हवं, फुगलेलं नको. एसेमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका चार्ज राहतो.

* * *

अनुभव नाही, आत्ता अडलोय. काल चालू होता, आज निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की मागतोय. मी असं काही लावल्याचं आठवत नाही. फॉरमॅट मारू का?

* * *

धागाकर्ती: अजिबात मारू नका! मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करत असाल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आणि तिची रिकव्हरी की त्याच खात्यात जमा असते. फोनवरून खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये शोधा. पडद्यावर 'की आयडी' असेल, तिची पहिली अक्षरं जुळवून घ्या. आणि हे सांगा, बायॉसमध्ये कुणी काही बदललं का?

* * *

सापडली! चालू झाला, आभार. कुणी काहीच बदललेलं नाही. फक्त आता ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतोय आणि घड्याळ 2019 दाखवतंय.

* * *

धागाकर्ती: सेल. तारीख मागे गेली की ब्राउझर साइटना असुरक्षितच म्हणतो. डबा उघडा, चकतीवर सीआर 2032 लिहिलंय का बघा. नवा घातल्यावर बायॉसमध्ये टीपीएम (कुलपाची की जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) पूर्वीसारखे चालू आहेत ना ते पाहा, नाहीतर उद्या परत 48 आकडे.