लेकीचा चष्म्याचा नंबर भराभर वाढतोय. थेंब घालावेत की खास काचा?

सईची_आई
सई आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षी नंबर -१.२५ होता, आता -२.२५. डॉक्टरांनी रात्री ॲट्रोपिनचे थेंब सुचवलेत. दुकानदार म्हणतो, नंबर रोखणाऱ्या काचा घ्या. किंमत ऐकून गप्पच बसले. सासूबाईंचं म्हणणं, सारखा चष्मा लावल्यानेच वाढतो, कमी नंबरचा करून घ्या. कुणाला अनुभव?

नाशिककर_बाबा
कमी नंबरचा नकोच. मलेशियात हा प्रयोग झालाय, निकाल २००२ मध्ये आला. कमी नंबरवाल्या मुलांचाच जास्त वाढला!

चष्मेवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट. ताई, तपासणी थेंब घालून, बाहुली मोठी करून झाली होती का? नसेल तर आधी ती करा. मुलं डोळ्यांवर ताण देऊन बघतात, मग नंबर खोटा जास्त निघतो. सोबत डोळ्याची लांबी, म्हणजे ॲक्सियल लेंग्थ, मोजून घ्या. या वयात मायनस वाढतो तो मुख्यतः डोळा मागच्या बाजूला लांबत गेल्याने. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, म्हणून नंबर घालवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वेग कमी करणं तेवढं आपल्या हातात.

थेंबांची ताकद डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे सहसा ०.०१ टक्के देतात. हाँगकाँगच्या चाचणीत मात्र ०.०५ सरस ठरलं. ताकद वाढली की काहींना उन्हाचा त्रास होतो, जवळचं धूसर दिसतं. आणि नंबर थांबला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, तो पुन्हा उसळतो.

काचांनी दोन वर्षांत वाढ साधारण निम्म्यावर आल्याचं हाँगकाँगमध्येच दिसलंय, पण चष्मा दिवसभर डोळ्यांवर हवा. नाकावर घसरणारी फ्रेम असेल तर एवढे पैसे घालू नका, आधी फ्रेम बदला.

मीरा_ठाणे
रात्री घालून झोपायच्या लेन्स? भाचीला दिल्यात.

चष्मेवाली
उपयोग होतो. पण स्वच्छतेत हयगय झाली तर बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. लेन्सला नळाचं पाणी लागता कामा नये. घरात कुणी मोठं माणूस रोज लक्ष देणार असेल तरच.

सईची_आई
थेंबांपासून सुरुवात करतो. गाजर, डोळ्यांचे व्यायाम?

नाशिककर_बाबा
गाजराचा हलवा खुशाल करा, नंबरासाठी नको 😄 मैदानावर पाठवा त्यापेक्षा. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर घालवायचा कार्यक्रम घेतला.

चष्मेवाली
तेही खरं, पण त्याचा जास्त फायदा नंबर लागण्याआधी. लागल्यावर कमी. ताई, धाकटं कुणी आहे का?

सईची_आई
आहे, पाच वर्षांचा. अजून चष्मा नाही. पण दुपारी ऊन केवढं असतं!

चष्मेवाली
झाडाच्या सावलीतही चालतं. तिथेसुद्धा घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. टोपी घाला, आणि सईच्या पुढच्या तपासणीला त्यालाही घेऊन जा.