एमसीएफ-७ला (स्तनकर्करोगाच्या पेशी) इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) देऊन वाढ नाही, मेदपेशींच्या मीडियमने मात्र आहे. गोची कुठे?

पेट्रीडिश

रजोनिवृत्तीनंतर लठ्ठ स्त्रियांमध्ये ईआर-पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या) स्तनकर्करोगाचा धोका वाढतो. त्यात मेदपेशींतल्या अरोमॅटेज या एन्झाइमने बनवलेल्या इस्ट्रोजेनचा वाटा किती, हे पाहायचं आहे. त्यासाठी ३टी३-एल१ या पेशींपासून मेदपेशी तयार करून त्यांचं कंडिशन्ड मीडियम (ज्यात त्या वाढल्या ते द्रव) एमसीएफ-७वर घालतो.

पद्धत थोडक्यात: ३टी३-एल१ तळ भरून कन्फ्लुअंट झाल्यावर दोन दिवस थांबून ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन आणि १० मायक्रोग्रॅम/मिली इन्शुलिन, ४८ तास. मग नुसतं इन्शुलिन ४८ तास. पुढे त्याच इन्शुलिनच्या मीडियमवर दहाव्या दिवसापर्यंत. ऑइल रेड ओ (मेद रंगवणारा रंग) लावल्यावर बहुतेक पेशी लालभडक. शेवटच्या २४ तासांचं मीडियम (फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग नसलेलं डीएमईएम, ५ टक्के चारकोल-स्ट्रिप्ड म्हणजे हार्मोन काढून टाकलेलं सीरम) गोळा करून न पातळ करता वापरतो.

एमसीएफ-७: ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे ५०००, त्याच स्ट्रिप्ड मीडियममध्ये २४ तास उपाशी, मग ७२ तास ट्रीटमेंट, शेवटी एमटीटी (जिवंत पेशींनी दिलेला रंग मोजणारी चाचणी). व्हेइकल (नुसता द्रावक, ०.१ टक्के इथेनॉल) १ धरला तर १० नॅनोमोलर इस्ट्रॅडिऑल १.२, कंडिशन्ड मीडियम १.८. १०० नॅनोमोलर फुल्वेस्ट्रंट (इस्ट्रोजेन रिसेप्टरविरोधी औषध) घातलं की कंडिशन्ड मीडियमचा परिणाम जातो, पण व्हेइकलसुद्धा ०.७ वर येतो. फुल्वेस्ट्रंटने वाढ थांबते म्हणजे मीडियममध्ये इस्ट्रोजेन आहे, असा निष्कर्ष काढता येईल का?

गणेशखिंड

नाही. सगळ्यात बोलका आकडा तो ०.७ आहे. ज्या वेलमध्ये तुम्ही इस्ट्रोजेन घातलंच नाही तिथे फुल्वेस्ट्रंटने वाढ घटते, म्हणजे त्या वेलमधला रिसेप्टर आधीच कशाने तरी चालू आहे. तुमचा शून्य शून्य नाही. मग इस्ट्रॅडिऑलला वर चढायला जागा कुठून उरणार?

इस्ट्रोजेन कुठून शिरतं ते एकेक तपासा.

पहिला संशय ट्रिप्सिनवर (पेशी तळापासून सोडवणारा एन्झाइम). डीएमईएम फिनॉल रेडविना आणलं तरी ट्रिप्सिन-ईडीटीए बहुतेक लाल-गुलाबीच असतं, आणि ट्रिप्सिन थांबवायला सवयीने साधं एफबीएस (हार्मोन न काढलेलं वासराच्या गर्भाचं सीरम) घातलं जातं. त्या पेशी सेंट्रिफ्यूज न करता सरळ प्लेटमध्ये गेल्या तर हार्मोनही सोबत गेलं. स्ट्रिप्ड सीरमनेच थांबवा, २०० जीवर ५ मिनिटं फिरवा, गोळी पुन्हा धुवा. फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे दुखणं जुनं आहे. कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने १९८६मध्ये ते दाखवलं, आणि खरा दोष रंगापेक्षा त्यातल्या अशुद्धीचा हे नंतर कळलं.

दुसरं, २४ तास उपास फार कमी. पेशींमध्ये आणि प्लास्टिकवर चिकटलेलं स्टेरॉइड हळूहळू सुटतं. पीबीएसने (मिठाचं बफर) दोनदा धुऊन ७२ तास ठेवा आणि मीडियम रोज बदला. रोज बदलणं महत्त्वाचं. तेच मीडियम तीन दिवस ठेवलं तर सुटलेलं हार्मोन तिथेच राहतं.

तिसरं, एमसीएफ-७ कशात वाढवता? या पेशींच्या नेहमीच्या मीडियममध्ये ०.०१ मिलिग्रॅम/मिली इन्शुलिन घालायची शिफारस असते. तेही पेशी वाढवतं, म्हणून उपासाच्या काळात पूर्ण निघायला हवं.

चौथं, प्लास्टिक. १९९१मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या सोटो आणि सोनेनशाइन यांच्याकडे एमसीएफ-७ इस्ट्रोजेनविना वाढायला लागल्या, तेव्हा इस्ट्रोजेनसारखं वागणारं नॉनिलफिनॉल सेंट्रिफ्यूज ट्यूबमधून झिरपत असल्याचं निघालं. दोन वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये ऑटोक्लेव्ह केलेल्या पॉलिकार्बोनेट फ्लास्कमधून बिस्फिनॉल-ए सापडलं. स्ट्रिप्ड सीरम आणि स्टॉक काचेत ठेवा. इस्ट्रॅडिऑल प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे पातळ स्टॉक काही दिवसांनी कमजोर पडतो, हा वेगळा त्रास.

सीरम स्वतः स्ट्रिप करत असाल तर १०० मिलीला १ ग्रॅम चारकोल आणि ०.१ ग्रॅम डेक्सट्रान टी-७०, ५५ अंशांवर ३० मिनिटं ढवळत, सेंट्रिफ्यूज, आणि पुन्हा एकदा नवा चारकोल. शेवटी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. उलट्या क्रमाने गेलात तर फिल्टर पहिल्याच १० मिलीत बसतो. दुकानातली बाटली असेल तर लॉट बदलला की नवीन डोस-कर्व्ह काढायचाच, कारण चारकोल हार्मोनसोबत इतरही बरंच काही ओढून नेतो आणि प्रत्येक लॉटमध्ये वेगळं.

डोसबद्दल: वाढीसाठी १० नॅनोमोलर गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. १ पिकोमोलरपासून दहापटीच्या टप्प्यांनी १० नॅनोमोलरपर्यंत जा. चांगल्या उपाशी पेशी १० ते १०० पिकोमोलरलाच कमाल वाढ दाखवतात. कर्व्ह सपाट आला तर मीडियम आधी नीट करा, तोवर कंडिशन्ड मीडियमला हातच लावू नका.

मेदगोळा

वरचं सगळं मान्य. पण सिस्टम स्वच्छ झाली तरी या मीडियमने अरोमॅटेजचं उत्तर मिळणार नाही, कारण पेशी उंदराच्या आहेत. माणसाच्या मेदात अरोमॅटेज मुख्यतः प्रोमोटर I.४ या जनुकाच्या स्विचवरून चालतं, ग्लुकोकॉर्टिकॉइड आणि टीएनएफ-अल्फासारख्या सायटोकाइन्सच्या जोरावर. उंदराच्या मेदात अरोमॅटेज जवळजवळ नसतंच. शिवाय माणसातही ते जास्त असतं प्री-अॅडिपोसाइट (मेदपेशी होण्याआधीच्या) आणि स्ट्रोमल (आधार देणाऱ्या) पेशींमध्ये, भरलेल्या मेदपेशींत नाही. म्हणजे तुम्ही पेशी जितक्या छान भराल, तितका हवा असलेला एन्झाइम कमी.

आणि मूळ मालाचं काय? अरोमॅटेज अँड्रोस्टेनडायोन किंवा टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतं. तुम्ही सीरम स्ट्रिप केलंत, अँड्रोजन्सही गेली. कच्चा मालच नाही तर एन्झाइम काय करणार?

मग १.८ कुठून आला? बहुधा इन्शुलिन. १० मायक्रोग्रॅम/मिली म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमोलर, आणि इतक्या प्रमाणात ते इन्शुलिन रिसेप्टरसोबत आयजीएफ-१ रिसेप्टरही चालू करतं. त्या मार्गाने एमएपी कायनेज ईआर-अल्फाच्या सेरीन-११८वर फॉस्फेट बसवतो आणि लिगँड (रिसेप्टरला बसणारं हार्मोन) नसतानाही रिसेप्टर कामाला लागतो. काटो यांच्या गटाने १९९५मध्ये हे दाखवलं. फुल्वेस्ट्रंट रिसेप्टरच नष्ट करतं, त्यामुळे इस्ट्रोजेनने चालू झालेला आणि इन्शुलिनने चालू झालेला, दोन्ही परिणाम त्याने थांबतात. तुमचा निष्कर्ष इथेच अडकतो.

सुरुवातीच्या कॉकटेलचंही सांगतो. आयबीएमएक्स सायक्लिक एएमपी वाढवतं, तेही ईआरला चालना देतं. डेक्सामेथासोन उलट दिशेने ओढू शकतं. दहाव्या दिवशी ते उरायला नको, पण इन्शुलिन तुम्ही शेवटपर्यंत घालताय. सहाव्या दिवसानंतर नुसत्या १० टक्के एफबीएसवर ठेवा. मीडियम गोळा करण्याआधी पीबीएसने तीनदा धुवा, दोन तास ताजं मीडियम घालून फेकून द्या, आणि मगच २४ तासांचं घ्या.

लेप्टिन या मेदपेशींच्या हार्मोनवर ढकलायचा मोह होतो, पण ३टी३-एल१ लेप्टिन फारच कमी बनवतात. आणि मुख्य म्हणजे या पेशी 'लठ्ठ' नाहीत, नुसत्या भरलेल्या आहेत. शीर्षकात लठ्ठपणा लिहायचा तर मॅक्रोफेजचं मीडियम किंवा टीएनएफ-अल्फा तरी हवं.

पेट्रीडिश

इन्शुलिन शेवटपर्यंत होतं, बरोबर पकडलंत. माणसाच्या पेशी नैतिक समितीची मंजुरी येईपर्यंत मिळणार नाहीत. तोवर हाताशी आहे त्यात कोणते कंट्रोल लावू? एमटीटीबद्दलही शंका आहे.

सूक्ष्मदर्शी

एमटीटी सोडा. ते पेशींची संख्या मोजत नाही, पेशींची चयापचयाची ताकद मोजतं. मेदपेशींच्या मीडियममध्ये फॅटी अॅसिड असतं, त्याने तेवढ्याच पेशी जास्त जांभळा रंग देऊ शकतात. क्रिस्टल व्हायोलेट किंवा एसआरबी (पेशी किती आहेत ते दाखवणारे रंग) करा, आणि एका प्लेटमध्ये प्रत्यक्ष मोजून ताळा घ्या. ७२ तासही कमी आहेत, सहा दिवस द्या. वेलमागे ५०००ने सहा दिवसांत जागा संपेल, २००० ते ३००० टाका.

दुसरी गोष्ट कुणी सांगितली नाही. फिनॉल रेड काढलं की मीडियम आंबट झालेलं डोळ्याला दिसत नाही. मेदपेशी ग्लुकोज भराभर संपवून लॅक्टेट सोडतात. २४ तासांनंतर थोडं मीडियम पीएच पट्टीवर पाहा, ग्लुकोज मोजा. न पातळ करता घालू नका. ताज्या मीडियमशी १:१ करा, आणि कंट्रोल म्हणून मेदपेशींविना त्याच इन्क्युबेटरमध्ये २४ तास ठेवलेलं मीडियम, तसंच भरण्याआधीच्या ३टी३-एल१चं मीडियम घ्या. फिनॉल रेड नसलेलं डीएमईएम बऱ्याचदा ग्लुटामिनशिवाय येतं, ते घातलंय ना तेही बघा.

कंट्रोल: कंडिशन्ड मीडियम अधिक फुल्वेस्ट्रंट, अधिक १ मायक्रोमोलर लेट्रोझोल (अरोमॅटेज अडवतं), अधिक लिन्सिटिनिब (आयजीएफ-१ आणि इन्शुलिन दोन्ही रिसेप्टर अडवतं), आणि साध्या मीडियममध्ये तेवढंच इन्शुलिन. लेट्रोझोल मात्र मीडियम गोळा होतानाच मेदपेशींवर घाला, आणि सोबत १० नॅनोमोलर अँड्रोस्टेनडायोन हवंच, नाहीतर मेदगोळा म्हणाले तसं त्याला अडवायला काही नाही. फुल्वेस्ट्रंटने पडलं, लेट्रोझोलने हललं नाही, लिन्सिटिनिबने पडलं, तर उत्तर इन्शुलिन.

३ किलोडाल्टनच्या फिल्टरवर मोह होईल: इस्ट्रॅडिऑल २७२ डाल्टन, इन्शुलिन ५८०० च्या आसपास, म्हणजे खाली गेलं ते स्टेरॉइड. पण सीरम असलेल्या मीडियममध्ये इस्ट्रॅडिऑल अल्ब्युमिनला चिकटून वरच राहतं. आधी इथरने काढा, आणि मोजायला एलसी-एमएस/एमएस (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं तंत्र) वापरा. किटवाला एलिसा (अँटिबॉडीवर चालणारी चाचणी) इतक्या कमी पातळीला दुसऱ्याच स्टेरॉइडला इस्ट्रॅडिऑल म्हणून मोजतो.

रिसेप्टर खरंच चालू झाला का, यासाठी २४ तासांनी टीएफएफ१, ग्रेब१ आणि पीजीआर या ईआरने चालू होणाऱ्या जनुकांचा क्यूपीसीआर करा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांची चाचणी) इस्ट्रॅडिऑलनंतर ईआर-अल्फाची पट्टी फिकी दिसली तर घाबरू नका. लिगँड बसला की प्रोटिएसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) रिसेप्टर तोडतो, म्हणून ती फिकी पडायलाच हवी.

गणेशखिंड

एक राहिलं. या पेशी कुठून आणि कितव्या पॅसेजच्या (म्हणजे कितव्यांदा नव्या भांड्यात हलवलेल्या)? २०१८मध्ये एमसीएफ-७च्या २७ वेगवेगळ्या शाखा तपासल्या होत्या, त्यांचा औषधांना प्रतिसाद खूपच वेगळा निघाला. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला फ्लास्क असेल तर एसटीआर (पेशींची डीएनए-ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (जंतूंचा संसर्ग) या दोन्ही चाचण्या आधी करा. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीसंग्रहाकडून नवीन मागवली तर आल्या आल्या दहा-वीस व्हायल गोठवा आणि एका व्हायलमधून दहा पॅसेजच्या पुढे जाऊ नका.