‘पट्टेरी’ लिहावे की ‘पट्टेदार’?

प्रश्न (कोल्हापूर):
आमच्या शाळेसाठी सापांची माहिती देणारे फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मण्यार सापाच्या काळसर अंगावरील पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे वर्णन करताना मी ‘पट्टेदार’ असे लिहिले होते, परंतु एका ज्येष्ठ शिक्षिकेने ते खोडून ‘पट्टेरी’ केले. वाघाला आपण दोन्ही शब्द लावतो, मग या दोहोंत अर्थभेद आहे का? ‘वलयांकित’ चालेल का?

उत्तर १:
दोन्ही शब्दांचे मूळ ‘पट्टा’च आहे, भेद प्रत्ययाचा आहे. फारसीतून आलेला ‘-दार’ बाळगणे किंवा धारण करणे सुचवतो, म्हणूनच जमीनदार, ठाणेदार यांच्याप्रमाणे पट्ट्याने जमीन कसणाऱ्यालाही कागदोपत्री ‘पट्टेदार’ म्हणतात. सोनेरी, रुपेरी यांच्या वळणाचा ‘पट्टेरी’ मात्र केवळ दिसण्याविषयी सांगतो आणि त्यात दुसऱ्या अर्थाची सरमिसळ होत नाही. ‘पट्टेदार वाघ’ रूढ असल्याने तो चुकीचा नाही, तरी प्राणिवर्णनात मी ‘पट्टेरी’च पसंत करीन. ‘वलयांकित’ टाळावा, कारण वृत्तपत्रांनी तो प्रसिद्ध व्यक्तींसाठी इतका वापरला आहे की साप नामवंत असल्यासारखे वाटेल.

उत्तर २:
आपल्याकडे मर्दानी खेळांमुळे आणखी एक शब्द कानावर असतो. दांडपट्टा फिरवणारा तो ‘पट्टेकरी’, आणि कचेरीतला शिपाई ‘पट्टेवाला’. या दोन्ही शब्दांतला पट्टा अंगावरच्या नक्षीचा नव्हे.

उत्तर ३:
शब्दाइतकीच महत्त्वाची एक बाब आहे. ‘पट्टेरी मण्यार’ हे काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांच्या वेगळ्या जातीचे नाव असून ती प्रामुख्याने पूर्व व ईशान्य भारतात आढळते, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या मण्यारला हे विशेषण लावले तर जातच बदलते. शिवाय बिनविषारी कवड्याच्या अंगावरही आडवे पट्टे असतात. ते मानेपासून ठळक असून शेपटीकडे फिके होत जातात, तर मण्यारचे पट्टे सहसा डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. मुलांनी सापाच्या जवळ जाऊ नये, हेही फलकावर अवश्य लिहावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
सर्वांचा आभारी आहे. विशेषण वगळून मी ‘अंगावर पांढरे, बारीक, आडवे पट्टे, शेपटीकडे अधिक स्पष्ट’ असे लिहीत आहे आणि शेजारी कवड्याचे चित्र देत आहे.